नॅशव्हिलची तालीम

डिसेंबर 1955. नागपुरात थंडी उतरली आहे, बाजारात संत्र्यांचे ढीग लागले आहेत आणि पानठेल्यापानठेल्यावर एकच वाद रंगला आहे, विदर्भ वेगळा की संयुक्त महाराष्ट्र. शहर अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे. तुम्ही हिस्लॉप कॉलेजात शिरता. इथे शिकवणारे आणि मुलांकडून मैदानी खेळांचा सराव करून घेणारे एक अमेरिकी गृहस्थ तुम्हाला पाहायचे आहेत. जेम्स लॉसन, वय 27, कृष्णवर्णीय, मेथडिस्ट मिशनतर्फे आलेले. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती त्यांनी नाकारली. होऊ घातलेल्या पाद्र्यांना सूट मिळत असे, तीही घेतली नाही, आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. तिथून सुटल्यावर ते इकडे आले. गांधी गेले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती, पण गांधींबरोबर काम केलेली माणसं हयात होती आणि लॉसनना त्यांच्याकडून शिकायचं होतं.

त्यांच्या हातात ‘नागपूर टाइम्स’ आहे. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला आहे आणि त्यांचा पुढारी एक तरुण पाद्री आहे, अशी बातमी आहे. लॉसन ती वाचतात आणि अक्षरशः आनंदाने ओरडतात. ज्याची वाट पाहत होतो ते माझ्या देशात सुरू झालं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पुढे आयुष्यभर ते ही आठवण सांगत राहिले. 1956मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

तुम्ही स्वतः चळवळीतली माणसं आहात, म्हणून तुम्हाला या वाटेने न्यायचं आहे. संघटनेच्या कार्यालयात तसबिरी असतात, जयंतीला हार चढतो, आणि हळूहळू आपल्या मनात नेता म्हणजे व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि समोरचा जनसागर एवढंच चित्र उरतं. मार्टिन लूथर किंग यांनाही तुम्ही या प्रवासात भेटणार आहात. त्याआधी मात्र एका चर्चच्या तळघरात तुम्हाला बराच वेळ बसायचं आहे.

मधला एक थांबा घाईने. फेब्रुवारी 1957, ओहायो राज्यातलं ओबरलिन कॉलेज. लॉसन आणि किंग जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले आहेत. दोघांचंही वय 28. लॉसन सांगतात की शिक्षण संपवून केव्हातरी दक्षिणेत काम करायचा विचार आहे. किंग म्हणतात, केव्हातरी नको, आत्ताच या. अहिंसेचं असं शिक्षण घेतलेला माणूस आमच्याकडे नाही. लॉसन शिक्षण अर्धवट टाकून दक्षिणेत जातात, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला.

तुम्ही तिथे पोचता 1959च्या शरदात. बसस्थानकावर दोन प्रतीक्षागृहं आहेत, एक गोऱ्यांसाठी, एक ‘रंगीत’ लोकांसाठी. तुमचा वर्ण गव्हाळ किंवा सावळा, पासपोर्ट भारतीय. कोणत्या दाराने जायचं? परदेशी पाहुणा म्हणून एखाद्या वेळी गोऱ्यांच्या बाजूला खपूनही जाल. पण खात्री धरू नका: मे 1964मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात धोतर नेसलेल्या राममनोहर लोहियांना एका कॅफेटेरियाच्या दारातून पोलिस धरून नेतील. तुम्ही ‘रंगीत’ पाटीच्या दाराने आत जाता. इथे बाकं कमी, उजेड कमी, आणि तुमच्याकडे पाहून थोडंसं सरकून जागा करून देणारी माणसं.

क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्च फिस्क विद्यापीठाच्या जवळ आहे. संध्याकाळी तळघरात दिवा लागतो. घडीच्या खुर्च्या, वीसेक मुलंमुली, पुढे लॉसन. आवाज कधी चढत नाही. पहिले काही आठवडे तर हा नुसता अभ्यासवर्गच वाटतो. गांधी, थोरो, बायबलमधलं डोंगरावरचं प्रवचन, चिनी तत्त्ववेत्ते. पाद्र्याच्या घरातला हा माणूस आईची एक गोष्ट सांगतो. लहानपणी एका गोऱ्या मुलाने शिवी दिली म्हणून जिमीने त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. आई चुलीकडे तोंड करून स्वयंपाक करत होती. मागे न वळता तिने विचारलं, त्याने काय भलं झालं, जिमी? मग बराच वेळ ती बोलत राहिली, यापेक्षा चांगला मार्ग असलाच पाहिजे म्हणून. लॉसन म्हणत, आपलं सगळं आयुष्य त्या संध्याकाळी वळलं.

आता शेजारी बसलेल्यांकडे पाहा. डायान नॅश, 21 वर्षांची, शिकागोहून फिस्कमध्ये शिकायला आलेली. टेनेसीच्या जत्रेत स्वच्छतागृहावर ‘रंगीत स्त्रिया’ अशी पाटी तिने पाहिली आणि अपमानाने तिचा जीव गुदमरला. काहीतरी करणारी माणसं शोधत ती इथवर आली. खरं सांगायचं तर अहिंसेने काही होईल यावर तिचा विश्वास नाही. शहरात दुसरं कुणी काही करतच नाही म्हणून ती बसते. पलीकडे जॉन लुइस. अलाबामाच्या खेड्यातल्या खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा, वय 19, पाद्री व्हायला आलेला, शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून सेमिनरीच्या स्वयंपाकघरात मोठमोठी भांडी घासतो. हा फार बोलत नाही. त्याच्या शेजारी त्याच्याच खोलीत राहणारा बर्नार्ड लफायेट, फ्लोरिडातल्या टॅम्पाचा. सात वर्षांचा असताना तो आजीबरोबर ट्रॉलीत चढायला गेला होता. काळ्यांनी पुढच्या दाराने पैसे भरायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराकडे धावत जायचं. चालकाने तेवढ्यात गाडी सोडली, आजी पडली, आणि तिला उचलायला आपले हात पुरत नाहीत एवढंच त्या पोराला कळलं.

चळवळीतल्या माणसाला इथे जे सर्वांत जास्त पाहण्यासारखं आहे ते यापुढे. खुर्च्या एका ओळीत मांडतात. ही ओळ म्हणजे दुकानातला जेवणाचा काउंटर. तुम्हाला तिथे बसायला सांगतात. दुसरे विद्यार्थी गोऱ्या टोळक्याचं काम करतात. कुणी कानाशी येऊन घाणेरडी शिवी घालतो. कुणी सिगारेटचा धूर तोंडावर सोडतो. कुणी मागून खुर्ची ओढतो आणि तुम्ही फरशीवर आपटता. मित्रच आहे, नाटकच आहे, हे माहीत असूनही तुमची मूठ वळते. तिथे लॉसन थांबवतात. काय वाटलं? राग कुठून आला? त्या क्षणी समोरच्याच्या डोळ्यांत काय दिसलं? सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

अंग कसं मुडपायचं, डोकं आणि पोट हातांनी कसं झाकायचं, हे शिकवतात. मार बसताना शक्यतो मारणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची, कारण डोळ्यांत पाहणाऱ्या माणसाला मारत राहणं अवघड जातं. एकाच साथीदारावर सगळे तुटून पडले तर आपण त्याच्या अंगावर पडायचं, म्हणजे मार वाटला जातो. कुणाला स्वतःवर ताबा राहणार नाही असं वाटत असेल त्याने मोकळेपणाने सांगायचं. त्याला दुसरं काम मिळतं, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. आठवड्यामागून आठवडे हे चालू राहतं. मला हा सगळा प्रकार कुठल्याही मोठ्या भाषणापेक्षा मोलाचा वाटतो. धैर्य हा जन्मजात गुण आहे, मोजक्या थोर माणसांना तो मिळतो, या समजुतीने आपल्या चळवळींचं फार नुकसान केलं आहे. इथे ते संध्याकाळच्या वर्गात शिकवलं जातं, चुकत-दुरुस्त करत, आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलं ते शिकतात.

काउंटरच का निवडला, हे विचारा. ते ठरवलं स्त्रियांनी. शहरातल्या काळ्या बायका बैठकीत सांगत की बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात आमचा पैसा चालतो, कपडे घ्या, भांडी घ्या. पण पाय दुखले म्हणून टेकायला जागा नाही, पोराला भूक लागली तर त्याच दुकानात बसून घास भरवता येत नाही, त्याला लघवीला नेता येत नाही. लॉसन हे ऐकून घेतात. लढा कुठे द्यायचा याचा नकाशा त्या बोलण्यातून तयार होतो.

1 फेब्रुवारी 1960ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी काउंटरवर बसतात आणि बातमी पसरते. लॉसनना आणखी थोडी तयारी हवी आहे. मुलं थांबायला तयार नाहीत. 13 तारखेला शनिवार, रस्त्यावर बर्फ पडलेला, आणि सव्वाशेच्या आसपास मुलंमुली फिफ्थ अव्हेन्यूवरच्या क्रेस, वूलवर्थ आणि मॅक्लेलन या दुकानांत जातात. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे, काखेत पुस्तकं. आधी काहीतरी खरेदी करतात, म्हणजे ग्राहक नाही असं कुणी म्हणायला नको. मग स्टूलवर बसतात. वाढणाऱ्या बायका गोंधळतात, काउंटर बंद होतो, मुलं पुस्तकं उघडून अभ्यास करत बसतात. त्या दिवशी एवढंच.

27 तारखेला मात्र टोळकी जमली आहेत आणि पोलिस नेमके दिसेनासे झाले आहेत. लुइस आणि लफायेट यांनी केलेली नियमावली सगळ्यांच्या खिशात आहे: उलट मारू नका, उलट बोलू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. मुलांना स्टुलावरून ओढून पाडतात, पाठीवर पेटत्या सिगारेटी विझवतात. तुम्ही तळघरात पाहिलेलं सगळं इथे खऱ्या द्वेषाने घडतं. एक काळं कातडी जाकीट घातलेला तरुण लॉसनच्या तोंडावर थुंकतो. लॉसन त्याला शांतपणे विचारतात, रुमाल आहे का? तो इतका गांगरतो की खिशातून रुमाल काढून देतो. तोंड पुसत लॉसन त्याच्या जाकिटाकडे पाहून विचारतात, मोटरसायकल चालवता का? आणि दोघं मोटरसायकलबद्दल बोलू लागतात. हे तिथल्या तिथे सुचत नाही. त्यामागे नागपूर आहे, तुरुंग आहे, चुलीपाशी उभी राहिलेली आई आहे.

पोलिस येतात आणि मार खाणाऱ्यांना पकडतात, मारणाऱ्या एकालाही नाही. स्टुलं रिकामी होताच मुलांची दुसरी तुकडी येऊन बसते. तीही पकडली जाते, मग तिसरी. दिवसअखेर 81 जण कोठडीत. दंड भरा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल लागतो. ही मुलं तुरुंग निवडतात. आईबापांच्या घरातून निघताना ज्यांना ‘पोलिसांच्या वाटेला जाऊ नको’ एवढाच उपदेश मिळाला होता, त्यांची ही निवड आहे. काही दिवसांतच लॉसनना, ते शिकत होते त्या विद्यापीठातून काढून टाकतात.

एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत तुम्ही या मुलांबरोबर रालेला जाता, शॉ विद्यापीठात. दक्षिणेतल्या गावोगावच्या विद्यार्थ्यांना इथे बोलावलं आहे ते एला बेकर यांनी. वय 56, अंगात सूट, डोक्यावर नीट बसवलेली टोपी, हातात पर्स. आयुष्य संघटना बांधण्यात गेलं आहे, किंग यांच्या संघटनेचं कार्यालय उभं केलं आहे, आणि तिथल्या पाद्रीमंडळींचं एका नेत्याभोवती फिरणं त्यांना पटत नाही. ज्येष्ठांना वाटतं की विद्यार्थ्यांनी आपल्या संघटनेची युवक शाखा व्हावं. बेकर विरोध करतात. मुलांचं मुलांना ठरवू द्या. लोक कणखर असतील तर त्यांना कणखर पुढाऱ्याची गरज पडत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. विद्यार्थ्यांची स्वतंत्र समन्वय समिती तिथे जन्माला येते, एसएनसीसी. तिच्या उद्देशपत्राचा मसुदा लॉसन लिहितात. बेकर मागच्या ओळीत बसतात. बैठक भरकटली की एखादा प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहत थांबतात. तुम्ही किती बैठकांत असा प्रश्न ऐकला आहे, आणि किती बैठकांत ज्येष्ठांनी उत्तराची वाट पाहिली आहे?

परत आल्याबरोबर, 19 एप्रिलच्या पहाटे, मुलांचे खटले चालवणारे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडतो. समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कितीतरी खिडक्यांच्या काचा फुटतात. लूबी पतिपत्नी बचावतात. दुपारपर्यंत हजारो लोक तीन-तीनच्या रांगांनी महापालिकेकडे चालू लागलेले असतात. घोषणा नाहीत, गाणी नाहीत. तुम्हाला घोषणांची सवय आहे, त्यामुळे सुरुवातीला ही शांतता अंगावर येते. मग हजारो पावलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे. बोलाचाली होते, चढाओढीने. मग डायान पुढे होते. निव्वळ वंशावरून, रंगावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला चूक वाटतं का, असं ती त्यांना विचारते. कायदा, दुकानदारांचे हक्क हे सगळं बाजूला सारून तिने माणूस म्हणून प्रश्न केला आहे. वेस्ट म्हणतात, हो, चूक आहे. तीन आठवड्यांत, 10 मे रोजी, काउंटर खुले होतात.

मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी किंग फिस्कमध्ये बोलायला येतात. व्यायामशाळा भरून वाहते आहे. ते सांगतात की मी इथे प्रेरणा द्यायला आलेलो नाही, घ्यायला आलो आहे. तुम्ही तळघर पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला कळतं की हा शिष्टाचार नाही.

मे 1961. बसप्रवासातला भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आहे. राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाला स्थानकातल्या उपाहारगृहातही वेगळं बसवता येणार नाही, हा निकाल डिसेंबर 1960चा. तो मिळवला ब्रूस बॉयन्टन या कायद्याच्या विद्यार्थ्याने, नाताळात घरी जाताना गोऱ्यांच्या बाजूला खायला मागितलं म्हणून त्याला अटक झाली होती. निकाल झाला, पाट्या तशाच राहिल्या. हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं 1924मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. पाणी ओंजळीत आलं ते 20 मार्च 1927ला, बाबासाहेब हजारो माणसांसह तिथे चालत गेले तेव्हा. हक्क वापरायला कुणीतरी जावं लागतं. 4 मे रोजी तेरा जण, सात काळे आणि सहा गोरे, वॉशिंग्टनहून दोन बसगाड्यांनी दक्षिणेकडे निघतात. जॉन लुइस त्यांत आहे. 14 मे रोजी अलाबामातल्या ॲनिस्टनजवळ एक बस जाळतात, दुसरीतल्या प्रवाशांना बर्मिंगहॅममध्ये बेदम मारतात. मूळ प्रवास तिथे थांबतो.

नॅशव्हिलमध्ये तुम्ही डायानच्या फोनजवळ बसला आहात. हिंसेने प्रवास थांबला असं एकदा दिसलं तर पुढची प्रत्येक चळवळ हिंसेने थांबवतील, हा तिचा युक्तिवाद आहे, आणि तो तिने ज्येष्ठांच्या गळी उतरवला आहे. केंद्राच्या न्यायखात्याचा अधिकारी फोनवर काकुळतीला येतो, मुलं मरतील म्हणतो. ती सांगते, जाणाऱ्यांनी काल रात्री आपापली मृत्युपत्रं लिहून ठेवली आहेत. 17 मे रोजी दहा जण बर्मिंगहॅमला जातात आणि पकडले जातात. पुढच्या रात्री तिथला पोलिसप्रमुख बुल कॉनर त्यांच्यातल्या सात जणांना गाडीत घालून टेनेसीच्या सीमेवर, अंधारात, रस्त्याच्या कडेला सोडून देतो. चाचपडत ते रुळांपलीकडच्या एका काळ्या म्हाताऱ्या जोडप्याचं दार ठोठावतात. म्हातारा कचरतो. बाई आतून म्हणते, लेकरांना आत घे. तिथून फोन येतो. डायान विचारते, गाडी पाठवते, परत यायचं की पुढे जायचं? पुढे, असं उत्तर येतं.

20 तारखेला मॉन्टगोमेरीच्या स्थानकावर शेकडोंचा जमाव त्यांच्यावर तुटून पडतो. लुइसच्या डोक्यात लाकडी क्रेट घालतात. 21 तारखेला संध्याकाळी तुम्ही आणि डायान त्या शहरात, पाद्री राल्फ ॲबरनॅथींच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये आहात.

इथली रात्र लांब आहे. आत पंधराशे माणसं, बाहेर त्याहून मोठा जमाव. बाहेरची एक मोटार उलथवून पेटवली आहे. खिडकीतून दगड येतात, काचा सांडतात, केंद्राचे मार्शल अश्रुधूर सोडतात आणि तोही आत येतो. खिडक्या लावून घेतल्यावर उकाड्याने जीव कासावीस होतो. बायका पंख्यांनी वारा घालतात आणि गाणं थांबू देत नाहीत. लुइस डोक्याला पट्टी बांधून गायकवृंदात बसला आहे, पोलिसांना चटकन ओळखू येऊ नये म्हणून. मध्येच दाराशी गलका होतो आणि जेम्स फार्मर आत येतात, मूळ प्रवासाचे संयोजक. त्यांना त्या जमावातून वाट काढत आणलं आहे बर्मिंगहॅमच्या फ्रेड शटल्सवर्थ यांनी. शटल्सवर्थ हा बारीक अंगाचा पाद्री, घरावर बॉम्ब पडूनही शहर न सोडलेला. खाली तळघरात किंग फोनवर आहेत, पलीकडे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी. ते वर येऊन लोकांना धीर देतात. वय 32, आणि चेहरा थकलेला. जमाव पांगतो, तरी नॅशनल गार्ड लोकांना पहाटेपर्यंत बाहेर पडू देत नाही. लहान मुलं बाकांखाली झोपतात.

त्यानंतरची बैठक जास्त अवघड. मॉन्टगोमेरीतल्या एका औषधविक्रेत्याच्या घरात सगळे जमले आहेत. पुढची बस मिसिसिपीला जाणार. डायान किंगना विचारते, तुम्ही आमच्याबरोबर बसमध्ये बसाल का? ते सांगतात की जॉर्जियातल्या एका खटल्यात आपल्यावर आधीच शिक्षेची टांगती तलवार आहे. इतर मुलं म्हणतात, आमच्यावरही आहे. शेवटी किंग म्हणतात की आपला क्रूस कुठे आणि केव्हा उचलायचा हे मला ठरवू द्या. काही मुलांना हे लागतं. त्या दिवसापासून त्यांच्यातले काही जण किंगबद्दल उपहासाने बोलू लागतात.

मला या खोलीत किंग लहान झालेले दिसत नाहीत. त्यांनी बसमध्ये बसायला हवं होतं असं मला वाटतं, आणि तरीही. 1968मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांना लॉसनच बोलावतील, ते जातील, आणि 4 एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घालतील. या खोलीत महत्त्वाचं वेगळंच आहे: तेवीस वर्षांची मुलगी देशातल्या सर्वांत मोठ्या नेत्याला तोंडावर प्रश्न विचारू शकते, नकार ऐकू शकते, आणि त्याच्यावाचून बस सुटते. तसबिरीतल्या माणसाला असं विचारायची सोय आपण ठेवली आहे का?

24 मे रोजी सकाळी पहिली बस सुटते. तिच्यात लॉसन आहेत. पुढे-मागे सैनिक, वर विमान. लॉसनना हा बंदोबस्त नको आहे. साध्या प्रवाशासारखं जाता आलं पाहिजे, मागणीच ती आहे. जॅक्सनला उतरताच गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहातून सरळ पोलिसगाडीत. त्या उन्हाळ्यात तिथे 300हून अधिक जणांना अटक होते, देशभरातून बसगाड्या येतच राहतात. त्यातले बरेच जण पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात जातात. गाणं बंद करा नाहीतर गाद्या काढून घेऊ, अशी धमकी येते. मुलं गाद्या स्वतःहून बाहेर ढकलतात, लोखंडी फळीवर झोपतात आणि गातात. 1 नोव्हेंबर 1961पासून केंद्राच्या आदेशाने बसस्थानकांतल्या पाट्या उतरू लागतात.

आणखी एक मुक्काम आहे. 1962 सरत आलं आहे आणि बर्नार्ड लफायेट एसएनसीसीच्या अटलांटातल्या कार्यालयात काम मागतो आहे. भिंतीवर नकाशा. एका गावावर फुली मारली आहे: सेल्मा, अलाबामा. माणसं पाठवून पाहिली. गोरे फार निर्दय आहेत आणि काळे फार घाबरलेले आहेत, असा अहवाल आला. लफायेट म्हणतो, मी जातो. तिथे मतदानाच्या वयाच्या शंभर काळ्या माणसांत जेमतेम एकदोघांचं नाव यादीत आहे. 1963च्या सुरुवातीला तो पत्नी कोलियासह तिथे राहायला जातो. त्यांना आधार देतात अमेलिया बॉयन्टन, पती सॅम यांच्याबरोबर वर्षानुवर्षं लोकांना मतदारयादीचा अर्ज भरायला शिकवत आलेल्या बाई. ज्या ब्रूसने तो बसचा खटला जिंकला, त्याची आई. लफायेट सभा घेत नाही. संध्याकाळचे वर्ग घेतो. अर्जातला प्रत्येक प्रश्न, कारकुनाने दटावलं तर काय म्हणायचं, पाय कापू लागले तर काय करायचं.

मे महिन्यात सॅम बॉयन्टन वारतात. त्यांच्या श्रद्धांजलीसाठी आणि मतदारनोंदणीसाठी म्हणून टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिली जाहीर सभा ठेवली जाते. शेरीफ जिम क्लार्क आपली माणसं घेऊन आत येऊन उभे राहतात, कोण कोण आलं आहे ते डोळ्यांनी टिपत. तरी साडेतीनशे लोक येतात. तुम्हीही आत या, बाकावर अजून थोडी जागा आहे.